बिटवॉर्डन वापरून घरातले सगळे पासवर्ड एका जागी आणले, सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. बिटवॉर्डन हे पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून ठेवणारं अ‍ॅप. त्याचा फ्री प्लॅन घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपवर पासवर्ड सारखे ठेवायला पुरेसा आहे, पासवर्ड किती ठेवायचे आणि किती डिव्हाइसवर वापरायचे याला फ्रीमध्ये मर्यादा नाही, आणि सिंक, म्हणजे एका डिव्हाइसवरचा बदल बाकीच्यांवर जाणं, इतकं बिनबोभाट चालतं की त्यावर लिहायला फार काही नाहीच. खरं काम सिंकच्या आधीचं आहे. चार ठिकाणी पसरलेले पासवर्ड गोळा करायचे, त्यातला चालू कुठला आणि मेलेला कुठला ते ठरवायचं, आणि एकदा एका जागी आले की बाकीच्या जागा बंद करायच्या, हे कुठलंच अ‍ॅप तुमच्यासाठी करत नाही. म्हणून इथे अ‍ॅपच्या फीचरपेक्षा त्या कामाबद्दलच जास्त लिहिलंय.

मी नाशिकमध्ये इंदिरानगरला राहते, घरूनच छोट्या धंदेवाल्यांचं अकाउंट्स आणि जीएसटीचं काम बघते. सातपूर-अंबडमधली काही वर्कशॉप, रविवार कारंजाकडचे दोन-तीन दुकानदार, पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्षवाले. म्हणजे माझे स्वतःचे पासवर्ड, क्लायंटच्या पोर्टलचे पासवर्ड, नवऱ्याचे, आणि नानांचे. नाना माझे सासरे, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले, पेन्शन, बँक, लाइट बिल, इन्कम टॅक्स सगळं त्यांचं त्यांनाच करायचं असतं आणि ते करतात पण व्यवस्थित, फक्त पासवर्ड अडला की हाक मला येते.

आता हे सगळं कुठे कुठे होतं ते बघा. माझ्या फोनवर क्रोममध्ये, माझ्या जीमेलखाली. कामाच्या डेस्कटॉपवर पण क्रोमच, पण तिथे कामाचं जीमेल, आणि हे खूप जणांच्या लक्षात येत नाही की गुगलकडचे पासवर्ड अकाउंटप्रमाणे वेगळे राहतात, क्रोम एकच दिसत असला तरी दोन जीमेल म्हणजे दोन वेगळे साठे, एकातलं दुसऱ्यात आपोआप जात नाही. जुन्या लॅपटॉपवर फायरफॉक्स. नवऱ्याच्या आयफोनवर अ‍ॅपलचं स्वतःचं. नानांची एलआयसीवाली डायरी, ज्यात पासवर्डशेजारी तारीख आणि खाडाखोड. आणि काही पासवर्ड मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरमध्ये होते, तिथे तर कंपनीनेच २०२५ मध्ये ही सोय गुंडाळली, जूनपासून नवीन सेव्ह होणं बंद, जुलैपासून ऑटोफिल (पासवर्ड आपोआप भरणं) बंद, ऑगस्टपासून त्या अ‍ॅपमध्ये पासवर्ड दिसणंच बंद, ज्यांना हवेत त्यांनी एज ब्राउझर वापरा म्हणे.

त्याच सुमारास नवऱ्याचा आधीचा अँड्रॉइड फोन बिघडला. एका रिपेअरवाल्याने न विचारता फॅक्टरी रीसेट मारला, आणि त्यातले बरेच पासवर्ड गुगलमध्ये नव्हतेच, फोन कंपनीच्या स्वतःच्या पासवर्ड अ‍ॅपमध्ये होते आणि तिथे सिंक चालू नव्हतं. पुढचे किती तरी दिवस घरात नुसतं 'फरगॉट पासवर्ड' आणि ओटीपी चाललं होतं. तेव्हा ठरलं की आता सगळ्यांचं एकाच पद्धतीने करायचं.

बिटवॉर्डनच का, तर तीन कारणं होती आणि ती मला आजही पटतात. एक म्हणजे ते २०१६ पासून आहे आणि ओपन सोर्स आहे, कोड कुणालाही तपासता येतो. दुसरं, विंडोज, अँड्रॉइड, आयफोन, क्रोम, फायरफॉक्स सगळीकडे चालतं, आणि आमच्या घरात हे सगळंच आहे. लास्टपास या दुसऱ्या पासवर्ड मॅनेजरने मार्च २०२१ पासून फ्रीवाल्यांना एक तर मोबाइल नाही तर कॉम्प्युटर असं निवडायला लावलं होतं, तसं इथे नाही. तिसरं, तुमचा डेटा तुमच्याच फोनवर किंवा कॉम्प्युटरवर एन्क्रिप्ट होतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा होतो, आणि मग सर्व्हरवर जातो, म्हणजे कंपनीकडे जे पडून असतं ते त्यांनाही वाचता येत नाही. लास्टपासचं २०२२ मध्ये जे झालं ते सगळ्यांना आठवत असेल, ग्राहकांच्या व्हॉल्टचे (पासवर्डच्या तिजोरीचे) बॅकअप चोरीला गेले, पासवर्ड एन्क्रिप्टेड होते पण वेबसाइटचे पत्ते उघडे होते, आणि ज्यांचा मास्टर पासवर्ड, म्हणजे ती तिजोरी उघडायचा पासवर्ड, कच्चा त्यांना खरी भीती. यातून मी हेच घेतलं की सर्व्हर कुणाचाही असो, एक दिवस तिथला डेटा बाहेर गेला तरी आपलं कुलूप टिकलं पाहिजे, म्हणजे मास्टर पासवर्ड दणकट हवा. बिटवॉर्डन मास्टर पासवर्डवर डीफॉल्टने ६,००,००० वेळा हॅशिंग (उलटं न फिरवता येणारं गणित) करतं, त्यामुळे अंदाजाने एकेक पासवर्ड लावून बघणाऱ्याला प्रत्येक अंदाजाला वेळ घालवावा लागतो, पण '१२३४५६'ला कितीही हॅशिंग केलं तरी तो '१२३४५६'च.

आता गोळा करण्याचं. क्रोममध्ये पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये एक्सपोर्ट आहे, प्रत्येक जीमेलने लॉगिन करून वेगवेगळं करायचं. फायरफॉक्समध्ये पासवर्डच्या पानावर तीन टिंबांत एक्सपोर्ट. आयफोनला आयओएस २६ असेल तर पासवर्ड्स अ‍ॅपमधून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये थेट पाठवता येतात, मध्ये फाइल लागतच नाही, आणि हीच खरी बरोबर पद्धत आहे, सगळ्यांनी हीच आणली पाहिजे. कारण बाकी ठिकाणी जी सीएसव्ही फाइल निघते ती उघडी असते. उघडी म्हणजे नोटपॅडमध्ये उघडली की सगळ्या साइट, सगळे युजरनेम, सगळे पासवर्ड ओळीने समोर. ती फाइल डाउनलोड्समध्ये पडते, आणि तुमचं डाउनलोड्स फोल्डर गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हला बॅकअप होत असेल तर तिथेही जाऊन बसते. त्यामुळे एक्सपोर्टच्या आधी बॅकअप थांबवायचा, फाइल काढायची, लगेच इम्पोर्ट करायची, लगेच डिलीट, आणि रिसायकल बिन पण रिकामा. ही फाइल या फोनवरून त्या लॅपटॉपवर न्यायला व्हॉट्सअ‍ॅप वापरू नका, कृपा करून. केबल लावा.

आणि दुसरं, हे मी अकाउंट्सवाली म्हणून जीव तोडून सांगते, ती सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून 'थोडी साफ करून' परत सेव्ह करू नका. एक्सेल पुढचे शून्य खातं. ००७१४२ असा पासवर्ड असेल तर तो ७१४२ होतो. नुसत्या आकड्यांचा लांब युजर आयडी असेल तर त्याचं १.२३ई+११ असं काहीतरी करून ठेवतं. पासवर्ड बरोबरच्या चिन्हाने सुरू होत असेल तर एक्सेलला वाटतं फॉर्म्युला आहे. मराठीत नोंद लिहिली असेल तर तिची अक्षरं विस्कटून भलतीच चिन्हं दिसतात. आणि हे बदल होताना एक्सेल काही बोलत नाही, तुम्ही सेव्ह मारता आणि महिन्याभराने एखादं लॉगिन चालत नाही तेव्हा कळतं. बघायचंच असेल तर नोटपॅडमध्ये बघा, नाही तर सरळ तशीच इम्पोर्ट करा आणि साफसफाई बिटवॉर्डनच्या आतच करा. मला तर दुसरंच बरं वाटतं.

इम्पोर्टला वेब व्हॉल्टमध्ये टूल्सखाली जायचं, तिथे फाइल कुठून आलीय ते निवडायचं, क्रोम, फायरफॉक्स वगैरे मोठी यादी आहे. आणि तिथेच एक छोटीशी सोय आहे जी सगळ्यात कामाला आली, इम्पोर्ट कुठल्या फोल्डरमध्ये जाऊ दे ते निवडता येतं. मी आधीच फोल्डर बनवून ठेवले, 'क्रोम घर', 'क्रोम काम', 'फायरफॉक्स', 'नाना डायरी', आणि एकेक फाइल आपापल्या फोल्डरमध्ये सोडली. याचा फायदा असा की नंतर एकाच बँकेच्या तीन एन्ट्र्या दिसल्या की कुठली कुठून आली ते कळतं. फोल्डर नसते तर पाचशेच्या वर एन्ट्र्यांचा नुसता ढीग झाला असता.

कारण इम्पोर्ट डुप्लिकेट बघत नाही. ही बिटवॉर्डनची मर्यादा आहे आणि ती आधीच माहीत असलेली बरी, तीच फाइल दोनदा टाकली तर सगळं दोनदा येणार. एकत्र करणं म्हणजे मर्ज असं जे आपल्या डोक्यात असतं ते इथे होत नाही, ते तुम्ही बसून करायचं. मी असं केलं की एकेका साइटचं नाव सर्चमध्ये टाकायचं, जेवढ्या एन्ट्र्या निघतील त्यातली खरी चालणारी कुठली ते प्रत्यक्ष लॉगिन करून बघायचं, ती ठेवायची आणि बाकीच्या डिलीट. डिलीट केलेलं ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण बँकेच्या साइटवर असे अंदाज मारत बसू नका हं, काही चुकीच्या प्रयत्नांनंतर अकाउंट लॉक होतं आणि मग ब्रँच गाठा. तिथे आधी तारीख शोधा. क्रोमच्या सीएसव्हीमध्ये पासवर्ड कधी बदलला ते नसतं, नाव, पत्ता, युजरनेम, पासवर्ड आणि नोट एवढंच. फायरफॉक्स मात्र प्रत्येक लॉगिनशेजारी शेवटचा बदल कधी झाला ते दाखवतं, त्यामुळे फायरफॉक्समधला पासवर्ड जुना की ताजा हे तिथेच कळलं. नानांच्या डायरीतल्या तारखा तर सोन्यासारख्या निघाल्या, त्यांनी प्रत्येक बदल तारखेसकट लिहिलेला, आणि ब्राउझरमध्ये होता त्यापेक्षा त्यांचा डायरीतला पासवर्डच बऱ्याच ठिकाणी खरा होता.

क्रोमच्या फाइलमध्ये अँड्रॉइड अ‍ॅपच्या एन्ट्र्या पण येतात, android असं सुरू होऊन पुढे भलीमोठी अक्षरांची माळ आणि शेवटी अ‍ॅपचं नाव, अशा लांब ओळी. त्या बघून कचरा समजून उडवू नका, त्यातच गॅस बुकिंग, विमा, म्युच्युअल फंड असल्या अ‍ॅपचे पासवर्ड असतात जे वेबसाइटवर आपण कधी टाकलेलेच नसतात. त्या एन्ट्रीत साइटचा पत्ता पण जोडून टाकायचा, मग एकच एन्ट्री अ‍ॅपला आणि वेबसाइटला दोन्हीकडे चालते.

सिंकचं थोडक्यात. फोनवर पासवर्ड बदलला की डेस्कटॉपवर बहुतेक वेळा लगेचच आलेला असतो. नाही दिसला तर सेटिंग्जमध्ये हाताने सिंक करायचं बटण आहे. दोन गोष्टी मात्र नीट समजून घ्या. पहिली, अकाउंट काढताना सर्व्हर अमेरिकेतला की युरोपमधला असं विचारतात, कुठलाही घ्या, पण दुसऱ्या फोनवर लॉगिन करताना तोच निवडलेला हवा. नाही तर पासवर्ड बरोबर असूनही अकाउंट सापडत नाही. दुसरी, नेट नसताना व्हॉल्ट उघडतो आणि पासवर्ड दिसतात, पण नवीन टाकता किंवा बदलता येत नाही. आणि उघडतो तो पण फक्त 'लॉक' असेल तर. सेटिंग्जमध्ये टाइमआउट झाल्यावर काय करायचं ते विचारतात, लॉक की लॉगआउट, तिथे लॉगआउट ठेवलं तर परत आत जायला नेट लागणारच. आमचे भाऊजी पिंपळगावच्या पुढे मळ्यात राहतात, पावसाळ्यात तिथे लाइट गेली की टॉवर पण जातो, अशांच्या फोनवर लॉकच ठेवायचं, फिंगरप्रिंटने उघडतं.

रोजच्या वापरात मला सगळ्यात जास्त फरक पडला तो पोर्टलवर. जीएसटीच्या एकाच साइटवर माझे सगळे क्लायंट, त्यामुळे तिथे गेलं की बिटवॉर्डन सगळ्यांची यादी दाखवतं, आणि ब्राउझरने सेव्ह केलेल्या एन्ट्रीचं नाव नुसतं साइटचं असल्याने सगळ्या एन्ट्र्या सारख्याच दिसतात. मग एन्ट्रीच्या नावात आधी फर्मचं नाव आणि मग पोर्टल असं बदलून घेतलं, आता तीन अक्षरं टाइप केली की बरोबर फर्म वर येते, कॅप्चा तेवढा हाताने. इन्कम टॅक्सच्या साइटवर आधी पॅन, मग पुढच्या पानावर पासवर्ड असं असतं, तिथे प्रत्येक पानावर एकदा असं कंट्रोल-शिफ्ट-एल दाबलं की भरतं. महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, बँकेचा कस्टमर आयडी, पेन्शनचा पीपीओ नंबर असल्या गोष्टींना कस्टम फील्ड (आपण नाव देऊन बनवायचे जादा रकाने) आहेत, तिथे टाकून ठेवायच्या. या कस्टम फील्डमुळे नानांची अर्धी डायरी फोनमध्ये आली. आणि प्रत्येक एन्ट्रीत आधीचे पाच पासवर्ड राहतात, त्यामुळे 'हा जुना पासवर्ड परत चालणार नाही' म्हणणाऱ्या साइटवर आधी काय काय वापरून झालंय ते समोर असतं.

बँकांच्या साइटवर मात्र सगळं सुरळीत नाही, आणि यात पासवर्ड मॅनेजरचा दोष नाही. आमची एक बँक पासवर्ड पेस्टच करू देत नाही, स्क्रीनवरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर माउसने दाबायला लावते, आणि वर ठराविक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावते. लोकांनी लांब, अवघड पासवर्ड ठेवावा असं वाटत असेल तर पेस्ट करू द्यायला हवं, नाही तर माणूस सोपाच ठेवणार ना. तिथे मी व्हॉल्टमध्ये डोळ्याचं चिन्ह दाबून पासवर्ड बघते आणि टाइप करते, आणि अशा साइटसाठी पासवर्ड बनवताना जनरेटरमध्ये एकसारखी दिसणारी अक्षरं टाळण्याचा पर्याय चालू ठेवते, म्हणजे शून्य की ओ असा घोळ होत नाही. यूपीआय पिन, एटीएम पिन मी यात ठेवलेले नाहीत आणि ठेवू नये असंच माझं मत आहे, ते डोक्यातच.

शेअरिंगमध्ये फ्रीला दोन माणसं एक ऑर्गनायझेशन (पासवर्डचा सामाईक गट) बनवू शकतात, त्यात मी आणि नवरा. लाइट बिल, वायफाय, सोसायटीचं अ‍ॅप, मुलीच्या शाळेचं पोर्टल असलं सगळं तिथे, एकाने बदललं की दुसऱ्याकडे बदलतं. "अगं शाळेचा पासवर्ड काय" हा फोन मुंबई नाक्याच्या ट्रॅफिकमधून यायचा तो बंद झाला. सहा जणांसाठी फॅमिली प्लॅन आहे, पैसे डॉलरमध्ये, मोठं कुटुंब असेल आणि सगळे वापरणारे असतील तर घ्यावा. आम्हाला अजून गरज वाटली नाही. नानांचं अकाउंट वेगळंच काढलं, त्यांच्या स्वतःच्या ईमेलवर. त्यांचे पैसे, त्यांचे पासवर्ड, ते माझ्या अकाउंटमध्ये कशाला.

नानांना शिकवताना मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. त्यांना ऑटोफिल वगैरे नको असतं, ते अ‍ॅप उघडतात, सर्चमध्ये बँकेचं नाव टाकतात, पासवर्ड कॉपी करतात आणि स्वतः पेस्ट करतात, कारण 'काय भरलं गेलं ते मला दिसलं पाहिजे' हे त्यांचं म्हणणं. आणि ते बरोबरच आहे. ज्येष्ठ माणसांना ऑटोफिलची सक्ती करू नका, त्यांना हवी ती पद्धत वापरू दे, पासवर्ड एका जागी आहे आणि ती जागा पक्की आहे एवढं पुरे. एक फायदा मात्र मी त्यांना आवर्जून सांगितला आणि तो त्यांना फार आवडला, खोट्या साइटचा. मेसेजमध्ये लिंक येते, लाइट बिल थकलंय, आज रात्री कनेक्शन कट, ती उघडली तर पान हुबेहूब, पण तिथे बिटवॉर्डन काही सुचवत नाही कारण पत्ता वेगळा आहे. आता ते म्हणतात, "थांब, आधी हे ओळखतंय का बघू."

मास्टर पासवर्ड. किमान बारा अक्षरं लागतात, पण त्यापेक्षा लांब ठेवा, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून जोडले की लक्षात पण राहतो आणि लांब पण होतो. देवनागरीत ठेवू नका, दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो कीबोर्ड नसला की अडचण. गोदावरी, त्र्यंबक, मुलांची नावं, गाडीचा नंबर हे नको, नाशिकच्या माणसाचा अंदाज करायचा म्हटलं तर तिथूनच सुरुवात होईल. आणि हा विसरला तर कंपनी काढून देऊ शकत नाही, त्यांच्याकडे तो नसतोच. म्हणून कागदावर लिहून पाकिटात, कपाटात, एफडीच्या पावत्यांसोबत. पासवर्ड कागदावर लिहू नये हे सगळीकडे सांगतात पण घरातल्या बंद कपाटातल्या पाकिटापर्यंत रशियातला चोर येत नाही. घरातल्या दुसऱ्या एकाला ते पाकीट कुठे आहे हे माहीत असलं पाहिजे, माणसाचं काही बरंवाईट झालं तर मागच्यांना बँकेचं नाव पण माहीत नसतं अशा केस मी कामात बघितल्यात.

त्याच पाकिटात टू-स्टेप लॉगिनचा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणाऱ्या लॉगिनचा, रिकव्हरी कोड. आणि एक फेरा इथे नीट बघा. टू-स्टेप चालू नसेल तर बिटवॉर्डन नवीन फोनवर लॉगिन करताना तुमच्या ईमेलवर कोड पाठवतं. आता ईमेलचाच पासवर्ड बिटवॉर्डनमध्ये, आणि बिटवॉर्डन उघडायला ईमेल हवं, फोन हरवला तर दोन्हीकडून दार बंद. म्हणून ईमेलचा पासवर्ड पण पाकिटात, किंवा ऑथेंटिकेटर अ‍ॅप (लॉगिनचे कोड दाखवणारं) लावा आणि तेही एकाहून जास्त फोनवर. आमच्याकडे माझा ऑथेंटिकेटर नवऱ्याच्या फोनवर पण आहे.

बॅकअप स्वतः घ्यायचा, सिंकला बॅकअप समजू नका. एका फोनवर चुकून डिलीट झालं की सिंकमुळे ते सगळीकडूनच डिलीट होतं. एक्सपोर्टमध्ये एन्क्रिप्टेड जेसन (कुलूपबंद फाइल) निवडा, त्यात दोन प्रकार आहेत, एक फक्त त्याच अकाउंटमध्ये परत टाकता येतो, दुसरा स्वतःचा पासवर्ड लावून. दुसराच घ्या, अकाउंटच गेलं तर पहिल्याचा काही उपयोग नाही. आणि नवरा-बायकोच्या शेअर केलेल्या एन्ट्र्या तुमच्या वैयक्तिक एक्सपोर्टमध्ये येत नाहीत, त्या ऑर्गनायझेशनमधून वेगळ्या काढाव्या लागतात. पेनड्राइव्हवर टाकून ठेवा.

आणि हे सगळं झाल्यावर जे काम लोक सोडून देतात ते, बाकीच्या जागा बंद करणं. क्रोममध्ये पासवर्ड सेव्ह करू का हे विचारणं बंद. फायरफॉक्समध्ये तेच. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ऑटोफिलला गुगल काढून बिटवॉर्डन, आयफोनवर ऑटोफिलमध्ये बिटवॉर्डन चालू आणि अ‍ॅपलचं बंद. प्रत्येक डिव्हाइसवर. हे केलं नाही तर पुढच्या वेळी पासवर्ड बदलला की क्रोम पटकन विचारणार 'अपडेट करू?', तुम्ही घाईत हो म्हणणार, आणि बिटवॉर्डनमध्ये जुना, क्रोममध्ये नवा. दोन महिन्यांत परत तोच पसारा. सगळं नीट चालतंय याची खात्री झाली की ब्राउझरमधले जुने पासवर्ड पुसून टाका, ठेवू नका, मन होत नाही पण पुसा. नवऱ्याचं म्हणणं होतं की राहू दे ना तिकडे पण, असलेलं बरं. मला ते पटत नाही, दोन ठिकाणी असलं की खरं कुठलं हा प्रश्न परत उभा राहतो.

कीपास या दुसऱ्या पासवर्ड मॅनेजरबद्दल पण विचारतील म्हणून लिहिते, कारण माझ्या ओळखीतले बरेच कॉम्प्युटरवाले तेच वापरतात. ते २००३ पासून आहे, सगळे पासवर्ड एका एन्क्रिप्टेड फाइलमध्ये, सर्व्हर नाही, कंपनी नाही. ती फाइल उघडायला कॉम्प्युटरवर कीपासएक्ससी, फोनवर कीपासडीएक्स, आणि ती फाइल सिंकथिंग या फाइल सिंक करणाऱ्या अ‍ॅपने इकडून तिकडे. एकट्या माणसाला, ज्याला आपली फाइल आपल्याकडेच हवी, त्याला उत्तम. पण दोन डिव्हाइसवर एकाच वेळी बदल झाला की फाइलच्या दोन आवृत्त्या होतात, नावात कॉन्फ्लिक्ट असं लिहिलेली दुसरी फाइल येते आणि मग मर्ज करावं लागतं, कीपासएक्ससीमध्ये ते चांगलं होतं पण करायचं हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवं. वर सिंकथिंगचं अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, आता दुसऱ्यांनी चालू ठेवलेलं वापरावं लागतं. नानांना आणि नवऱ्याला हे मी देणार नाही. आणि ज्यांच्या घरी सगळेच अँड्रॉइड आणि क्रोम, एकेकाचं एकच जीमेल, त्यांना गुगलचंच पुरे आहे, उगाच बदलू नका.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो डुप्लिकेटसाठी, ज्या अ‍ॅपमध्ये लोक चार ठिकाणचे पासवर्ड आणून ओततात त्यात सारख्या एन्ट्र्या शेजारी शेजारी दाखवून 'यातली कुठली ठेवू' एवढं विचारायला हवं.

आता भाऊजींचं बाकी आहे. त्यांचे दोन फोन, एक जुना टॅब, आणि बरेच पासवर्ड वहिनींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेले. ऑक्टोबर छाटणी उरकली की बसायचं ठरलंय, एकदा द्राक्ष तोडणी सुरू झाली की ते कुणाला सापडत नाहीत. तोवर त्यांना एवढंच सांगितलंय की नवीन काही सेव्ह करायचं तर एकाच फोनवर करा, आणि जुना फोन एक्स्चेंजला देऊ नका.